फी भरण्याआधी कागद पाहा

आमच्या गटातल्या एका ताईनं लेकीच्या 'सहा महिन्यांत नर्स' अशा कोर्ससाठी गटातून कर्ज काढलं. प्रमाणपत्र मिळालं, पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होईना. हप्ते मात्र सुरूच आहेत. म्हणून आज हीच माहिती घेऊ.

एएनएम २ वर्षांचं, जीएनएम ३ वर्षांचं. दोन्हींना १२वी पास आणि इंग्रजी विषय लागतो. कला शाखा असली तरी चालते. वयाची अट १७ ते ३५ वर्षं, म्हणजे लेकीसारखी सूनही शिकू शकते. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. त्याला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं, सीईटीही द्यावी लागते. एमबीबीएसला 'नीट' परीक्षा. त्याचं शासकीय महाविद्यालय आपल्या यवतमाळातच आहे, १९८९ पासून.

नर्सिंगच्या कॉलेजात गेलात की आधी विचारा, "महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का?" तोंडी 'हो' वर जाऊ नका, यंदाचं मान्यतापत्र पाहा. आम्हीही आता गटातून शिक्षणासाठी कर्ज देताना पहिल्यांदा तोच कागद मागतो.