आईची किडनी घेण्याआधी

मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या की घरात पहिला शब्द आईचा निघतो, "माझी घ्या." ही माया मोठीच. पण भगिनींनो, आधी तुमची स्वतःची तपासणी नीट होऊ द्या.

रक्तातील क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणून निर्धास्त राहू नका. ते स्नायूंतून तयार होते. कष्टाने वाळलेल्या बाईच्या अंगावर मांसच कमी. किडनी अशक्त असूनही तिचा आकडा चांगला दिसू शकतो. म्हणून चोवीस तासांची लघवी तपासतात. सकाळची पहिली टाकायची, मग दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी साठवायची. एकदा विसरले तरी हिशेब चुकतो. डीटीपीए स्कॅनमध्ये प्रत्येक किडनीचे काम वेगळे कळते. फरक असल्यास चांगली किडनी दात्याकडेच ठेवतात.

गाळण्याचा वेग मिनिटाला ९० मिलिलिटर वा जास्त असावा. ६० च्या खाली दान नको, असे २०१७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मधल्यांचा निर्णय डॉक्टर इतर तपासण्या पाहून घेतात.

१९९४ च्या कायद्याप्रमाणे संमती स्वखुशीचीच हवी. "नाही" म्हणणाऱ्या पत्नीला, बहिणीला कोणी दोष देऊ नये. दिलीच, तर पुढे दरवर्षी तपासणी चुकवू नका. मुलाला किडनीइतकीच आईही हवी असते.