कशेळीचा हत्ती आणि फुगलेल्या रेषा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब! एवढं शिल्प एका फोटोत बसवायला वाइड लेन्स लागते आणि ती कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगवते.

यावर उतारा लेन्स प्रोफाइलचा. त्या लेन्सचा दोष मोजून तयार केलेली ही फाइल. फोटोत नोंदलेलं लेन्सचं नाव वाचून लाइटरूम हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर ती लावतं. मोफत मिळणारं डार्कटेबल त्यासाठी लेन्सफन हा खुला संग्रह वापरतं.

जुन्या मॅन्युअल लेन्सचं नाव फोटोत सहसा उमटत नाही. तिथे प्रोफाइल यादीतून हातानं निवडावं लागतं. कॅमेऱ्यानं जेपेग आधीच सुधारला असेल, तर मात्र प्रोफाइल लावू नये. नाहीतर रेषा उलट आत वाकतात.