शिराज म्हणजे जांभूळ, बॉस!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक ‘वाइन गुरू’ असतोच. मेन्यू कार्ड हातात आलं की तो वेटरला दोन प्रश्न विचारतो, ग्लास गोल गोल फिरवतो आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘ब्लॅककरंट जाणवतोय का रे?’ बाकीचे माना डोलावतात. आता खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी ब्लॅककरंट हातात घेऊन खाल्लाय? आइस्क्रीमच्या फ्लेवरपलीकडे त्याची नि आपली ओळख नाही.

आमच्या ग्रुपने यावर एक देसी तोडगा काढलाय. आम्ही पाच जण. चंद्रपूर शहरातले आम्ही दोघं, एक बल्लारपूरचा, एक वरोऱ्याची आणि एक गडचिरोली जिल्ह्यातली, कुरखेड्याकडची. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने सगळेच पुण्यात येऊन धडकलो. आयटी, बँक, एचआर, आर्किटेक्चर आणि पत्रकारिता अशी आमची भेळ. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचं, एकाने बाटली सुचवायची, खर्च वाटून घ्यायचा. नियम एकच. जे फळ, फूल किंवा मसाला तुम्ही स्वतः चाखलेला नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही!

जंगलातली डिक्शनरी

या एका नियमाने धमाल उडवली. पहिल्यांदा आली सॉव्हिन्यॉं ब्लाँ. पुस्तकात म्हणतात, ‘गूजबेरी आणि बेल पेपर’. आमचा बल्लारपूरकर म्हणाला, ‘हे त हिरव्या मिरचीचं देठ तोडल्यासारखं लागते ना बे!’ वरोरेकरणीला त्यात अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा सापडला. दोघंही बरोबर. या द्राक्षात तो हिरवा, तरतरीत वास असतोच आणि आंबटपणा हाच त्याचा जीव. शेनिन ब्लाँ निघाली पिकल्या पेरूची. शिराज म्हणजे तर चक्क जांभूळ, वर काळी मिरी भुरभुरलेलं. टेंभरं खाताना जीभ कशी आखडते, आठवतंय? रेड वाइनमधलं ‘टॅनिन’ म्हणजे नेमकं तेच. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते उतरतं. दहा पानं वाचून जे कळलं नसतं, ते एका टेंभराने कळलं.

बाटल्या बहुतेक आपल्याच मातीतल्या. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात सुरू केलेली इंडेज ही या धंद्यातली पहिली मोठी उडी. मग कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला उभी केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिकच्या आसपास वायनरींची रांग लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला तर इटालियन आणि भारतीय भागीदारांनी फ्रातेली काढली. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये ‘भाऊ’. तिथली सांजोव्हेझे आमच्या आर्किटेक्टने सुचवली आणि ती आमच्या ग्रुपची कायमची फेव्हरिट झाली. मूळची टस्कनीची ही द्राक्षं अकलूजच्या उन्हात पिकतात. है ना सही?

४६ डिग्रीतली रेड

मित्राने सुचवलेली बाटली आवडली नाही, तर बाटलीला दोष देण्याआधी थर्मामीटर बघा. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा फंडा युरोपातल्या गार घरांचा आहे. तिथलं रूम टेम्परेचर म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. आम्ही त्या गावचे, जिथे मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या पुढे जातो. तिथल्या ‘रूम’ला कुठली वाइन टिकणार? म्हणून पुण्यातसुद्धा रेडची बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, व्हाइट चांगली गार करायची.

दुसरी गोष्ट जेवणाची. सावजी मटणाबरोबर दणकट रेड घेऊ नका. टॅनिन आणि जास्त अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतात. त्यापेक्षा किंचित गोडसर, गार शेनिन ब्लाँ घ्या. जिभेची आग शांत होते. पाटोडी रश्श्यासोबत रोझे. हा शोध वरोरेकरणीचा, आणि त्यासाठी तिला ग्रुपतर्फे सलाम.

पाचवा ग्लास

आता आमच्या पाचव्या मेंबरविषयी. कुरखेड्याची मैत्रीण वाइन पीत नाही. एक घोटही नाही. पण ती दर शनिवारी येते, ग्लास नाकाजवळ नेते, डोळे मिटते आणि आमच्या सगळ्यांपेक्षा अचूक सांगते. लेट हार्वेस्ट शेनिन ही वेलीवर जास्त दिवस राहिलेल्या द्राक्षांची गोड वाइन. आम्ही मध, मनुका करत बसलो होतो. ती म्हणाली, ‘वाळलेलं मोहफूल आहे ना हे.’ आणि खरंच, अंगणात चटईवर पसरलेल्या मोहफुलांचा वास त्या ग्लासातून आला.

ती का पीत नाही, हे समजायला आमचे दोन जिल्हे समजून घ्यावे लागतात. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीत आहे. ती बंदी वरून लादलेली नव्हती. गावागावातून लोक उठले होते, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. चंद्रपूरमध्येही डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे बायका पायी निघाल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, असं कारण देत मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. गडचिरोलीची बंदी मात्र कायम आहे.

मैत्रिणीच्या आईने गावात दारू पकडणाऱ्या बायकांसोबत रात्री जागून काढल्यात. वडिलांची मजुरी कुठे संपायची, हे तिने आम्हाला एकदाच सांगितलं. परत कुणी विचारलं नाही. तिच्यासाठी ‘ड्रिंक’ हा वीकेण्डचा शब्द नाहीच.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नाही’ यावर जोरदार वाद रंगला होता. विरोध झाला आणि निर्णय बारगळला. बंदीच्या जिल्ह्यांना तो तसाही लागू नव्हता. आमच्या फ्लॅटवरही त्या वादाची छोटी आवृत्ती झाली. बँकवाला म्हणाला, ‘वाइनमध्ये अल्कोहोल १२ ते १४ टक्के, व्हिस्कीत ४२.८. तुलनाच नाही.’ ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही एक बाटली चौघांत पिता, उद्या ऑफिसला जाता. तुमचा पगार घरी पोचतो. फरक बाटलीत नाही, घरात आहे.’ यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मोहाची गोष्ट

गंमत म्हणजे आमच्या भागाचं सगळ्यात जुनं पेय आमच्यापैकी कुणीच कधी कुणाला सुचवलं नव्हतं. मोह! आदिवासी घरांत जन्म, लग्न, देव, पूर्वज, सगळ्यांना मोहाचा मान. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात. याच दिवसांत वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला माणसासारखी दिसतच नाही, असं गावात म्हणतात.

मोहाची दारू गाळलेली असते, म्हणजे ती वाइन नव्हे. पण आता तीही काचेच्या देखण्या बाटलीत आलीय. २०१८ मध्ये डेस्मंड नाझरेथ यांनी गोव्यात मोहाचं ब्रँडेड मद्य आणलं. मध्य प्रदेशाने त्याला ‘हेरिटेज’ मद्याचा दर्जा दिला. आपल्या डहाणूच्या डिस्टिलरीनेही मोहाची महागडी बाटली काढली. आर्किटेक्ट एकदम एक्साइट झाला, ‘पुढच्या शनिवारी हीच!’ मैत्रीण हसली. ‘फुलं वेचणारीला त्यातले किती मिळतात, तेवढं लेबलवर वाचून सांग.’

लेबलवर ते नव्हतं. पुढच्या वेळी ती गावाहून आली ती मोहफुलांचे लाडू घेऊन. भाजलेली फुलं, तीळ, गूळ. लेट हार्वेस्टसोबत आम्ही ते खाल्ले, तिने चहासोबत. त्या महिन्याचं बेस्ट रेकमेंडेशन तिचंच ठरलं. मतदान एकमताने!

तर मंडळी, मित्राने बाटली सुचवली की त्याला फ्रेंच नावं नका विचारू. विचारा, ‘तुझ्या गावच्या कशाचा वास येतो?’ आणि तुमच्या टेबलावर कुणी ग्लास बाजूला सारला, तर ‘अरे, एक घोट तर घे’ म्हणू नका. नुसतं हुंगायला द्या. काय सांगावं, सगळ्यात चांगलं नाक त्याचंच असेल.