सरड्याची धाव मलेरियापर्यंत!

मलेरिया म्हटलं की काय आठवतं? डास, हुडहुडी, रक्ततपासणी. आणि सरडा? नाही ना! पण माहीत आहे का, मलेरियाच्या परजीवींच्या, म्हणजे प्लाझमोडियमच्या, दोनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या माणसाच्या वाट्याला आल्या जेमतेम पाच-सहा. बाकीच्यांचा मुक्काम पक्ष्यांत, माकडांत, वटवाघळांत आणि हो, सरड्यांत!

या सरड्यांच्या मागे वर्षानुवर्षं फिरलेले शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट विद्यापीठाचे जोसेफ शॉल. अभ्यास हुडहुडीच्या रोगाचा आणि आडनाव शॉल! नोकरी देशाच्या पूर्वेला, फील्डवर्क थेट पश्चिमेला, कॅलिफोर्नियातल्या हॉपलंडच्या टेकड्यांवर. सुरुवात १९७८ साली.

सरडा पकडायचा कसा? लांब काठी घ्या, टोकाला दोऱ्याचा सैल फास बांधा आणि श्वास रोखून पुढे सरका. सापडला की रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर, वर जांभळट गिम्सा रंग, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा. आपली तांबडी पेशी गोल आणि केंद्रक नसलेली. सरड्याची लांबट आणि मधोमध ठसठशीत केंद्रक! त्याच्या शेजारीच परजीवी महाशय ठाण मांडून बसलेले. हिमोग्लोबिनवर ताव मारून झाल्याचा पुरावाही तिथेच: सोनेरी-तपकिरी कण.

आता गंमत ऐका. हॉपलंडच्या या सरड्याचं इंग्रजी नावच ‘फेन्स लिझर्ड’, म्हणजे कुंपणसरडा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही आपली म्हण जणू त्याच्यासाठीच! मग मलेरिया झाल्यावर ही धाव किती? शॉल आणि सहकाऱ्यांनी सरडे अक्षरशः पळवून पाहिले. १९८२ सालचा निकाल असा: पहिली झेप तितकीच जोरदार, पण दमसास कमी. हिमोग्लोबिन घटलं की ऑक्सिजन घटतो, मग स्टॅमिना कुठून आणणार? आजारी माद्या अंडीही एक-दोन कमीच घालतात.

पण त्यांना मलेरिया होतो कसा? डास चावून? चूक! इथला प्लाझमोडियम मेक्सिकॅनम पसरवते सँडफ्लाय, म्हणजे डासाहूनही चिमुकली वाळूमाशी. राहते कुठे? खारींनी जमिनीत खोदलेल्या बिळांत, फुकटात! तिच्या भाईबंदांशी आपलीही ओळख आहे बरं का. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि गावाचंच नाव लागलेला चांदीपुरा विषाणू पसरवतात तोही वाळूमाश्याच.

माहीत आहे का, परजीवींमध्येही नर-मादी असतात? एका नरपेशीपासून जास्तीत जास्त आठ शुक्रपेशी बनतात, मादीपेशीपासून एकच बीजपेशी. सरड्याच्या रक्तात एकाच वंशाचे परजीवी असतील तर थोडे नर पुरतात, माद्या वाढवलेल्या बऱ्या. पण दुसऱ्या वंशाचे भाऊबंद घुसले की स्पर्धा आली, नर वाढवा! निदान सिद्धांत तरी असं सांगतो. शॉल यांच्या चमूने हे गणित सरड्यांच्या रक्तात तपासलं. मेंदू नाही, डोळे नाहीत, पण वरपक्षाचा हिशेब मात्र सुरू!

पण माझी सर्वांत आवडती गोष्ट कॅरिबियनमधली. सेंट मार्टिन हे इवलंसं बेट, एक भाग फ्रान्सचा, एक भाग नेदरलँड्सचा. त्यावर दोन जातींचे ॲनोल सरडे. गिंगिव्हिनस दांडगा, बेटभर पसरलेला. पोगस बिचारा मधल्या डोंगराळ भागापुरता. असं का? शॉल यांनी ठिकठिकाणी फिरून रक्त तपासलं आणि नकाशाच बोलू लागला. जिथे गिंगिव्हिनसला मलेरिया, तिथेच पोगस नांदतोय. जिथे मलेरिया नाही, तिथे पोगसचा पत्ता नाही! पोगसला मात्र हा रोग क्वचितच होतो. १९९२ मध्ये त्यांनी मांडलेला अर्थ असा: मलेरिया दांडग्याचा जोर कमी करतो आणि दुबळ्याला जागा मिळते. एकाचा ताप, दुसऱ्याचा टेकू. एक थेंब रक्तातला जीव आख्ख्या डोंगरावर कोण राहणार ते ठरवू शकतो, हे वाचून मी तर थक्कच झाले.

इथल्या परजीवीचं नाव ॲझुरोफिलम. तो तांबड्या पेशींत राहतो, पांढऱ्या पेशींतही राहतो, असं सगळे समजून होते. शॉल यांच्या विद्यार्थिनी सुसान पर्किन्स यांनी २००० साली डीएनए पाहिला. निघाल्या दोन वेगळ्या जाती, एक तांबड्यातली, एक पांढऱ्यातली!

जाता जाता, हॉपलंडच्या कुंपणसरड्याची आणखी एक करामत: लाइम रोगाचे जंतू असलेली गोचीड त्याचं रक्त प्यायली की तिच्या पोटातले जंतूच मरतात! शास्त्रज्ञ रॉबर्ट लेन यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं.

आणि हरणांना मलेरिया? १९६७ साली टेक्सासच्या एकाच हरणात मलेरियाची नोंद झाली, मग सामसूम. पुढे संशोधक एलेन मार्टिन्सन वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांचा मलेरिया शोधत होत्या. डासाच्या पोटातल्या डीएनएत भलताच परजीवी मिळाला, सोबत रक्त हरणाचं! २०१६ च्या शोधनिबंधात शॉलही सहलेखक. काही भागांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांपैकी २५ टक्क्यांपर्यंत मलेरियावाली निघाली. अमेरिकेत लोकांच्या परसदारी येऊन चरणारी हीच ती हरणं!