नुकसान मोजणाऱ्याचा जमाखर्च

दिलसुखनगर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साईबाबांचे मंदिर, बसआगार, शिकवणीवर्गांच्या एकावर एक चढवलेल्या पाट्या आणि मेट्रोच्या खांबांखालून मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहनांची रांग उभी राहते. काचीगुडा आणि सुलतान बाजार येथील वाड्यांतून बाहेर पडलेली कित्येक मराठी कुटुंबे गेल्या तीस-चाळीस वर्षांत या बाजूला येऊन स्थिरावली. त्यांपैकीच एका कुटुंबातील मुलगा माझा विद्यार्थी. शाळेत असताना गणितात बरा, निबंधात सुमार, पण अक्षर मोत्यासारखे. यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्याने काही वर्षे एका गॅरेजमध्ये काढली आणि पुढे तो 'सर्व्हेअर' झाला, एवढेच मला ठाऊक होते. हा जमिनी मोजणारा सर्व्हेअर नव्हे, लोकांचे नुकसान मोजणारा, हे मात्र पुष्कळ उशिरा कळले.

विम्याच्या व्यवहारात विमा उतरवणारा एजंट सर्वांना माहीत असतो. तो लग्नकार्यातही भेटतो. सर्वेक्षकाची भेट होते ती दुर्दिनीच. मोटार आपटली, दुकान जळाले, गोदामात पाणी शिरले की कंपनी त्याला पाठवते. तो कंपनीचा नोकर नसतो, विमेदाराचा वकीलही नसतो. त्याची फी कंपनी देते, आणि तरीही त्याने दोघांच्या मधोमध उभे राहून निःपक्षपातीपणे आकडा सांगावा अशी कायद्याची अपेक्षा असते. या जागेवर उभे राहणे किती अवघड आहे, हे त्याच्या ओसरीवर बसून चहा घेताना मला उमगत गेले.

या व्यवसायाला कायद्याचे बळ आले ते १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली झालेल्या दुरुस्तीने. तिच्यातील ६४ यूएम या कलमाने वीस हजार रुपये वा त्याहून अधिक नुकसानीचा दावा परवानाधारक सर्वेक्षकाच्या अहवालाखेरीज फेडू नये, असे बंधन घातले. त्या काळी वीस हजारांत शहराबाहेर एखादा भूखंड येत असे. म्हणजे बंधन मोठ्या दाव्यांसाठीच होते. महागाई वाढत गेली, मर्यादा जागच्या जागी राहिली, आणि साध्या मोटारीच्या धडकेचाही दावा सर्वेक्षकाकडे येऊ लागला. स्वतंत्र सर्वेक्षकांचे बरे दिवस ते हेच. २०१५ च्या विनियमांनी ही मर्यादा वाहनांसाठी पन्नास हजार व इतर विम्यासाठी एक लाख अशी केली, आणि लहान कामांचा ओघ आटला. आता किरकोळ दाव्यांची छायाचित्रे विमेदार स्वतःच भ्रमणध्वनीवरून पाठवतो आणि कंपनीतला पगारी माणूस खुर्चीवर बसून निकाल देतो.

आपल्या शहराचा या व्यवसायाशी आणखी एक संबंध आहे. विम्याचे नियमन करणारे प्राधिकरण १९९९ च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय येथेच, नानकरामगुड्याच्या बाजूला आहे. सर्वेक्षकांची भारतीय संस्थाही २००५ मध्ये हैदराबादेतच नोंदली गेली. परवाना हवा असेल तर अभियांत्रिकीची पदवी-पदविका, सनदी लेखापालाची पात्रता किंवा तत्सम काही लागते. ज्येष्ठ सर्वेक्षकाच्या हाताखाली एक वर्ष उमेदवारी करावी लागते. परीक्षा द्यावी लागते. संस्थेचे सभासदत्व घ्यावे लागते. आग, सागरी माल, यंत्रसामग्री, वाहने असे विभाग वेगवेगळे आणि ज्याला ज्या विभागाची अनुज्ञा, त्याने तेवढेच काम करायचे. उमेदवारीच्या वर्षात माझ्या या विद्यार्थ्याला ज्येष्ठांकडून पेट्रोलपुरते पैसे मिळत. घर त्या वर्षी त्याच्या आईच्या शिवणयंत्रावर चालले.

आता मूळ विषय, पैशाचा. मराठी माणूस उत्पन्नाविषयी विचारायला लाजतो आणि सांगायला त्याहून अधिक लाजतो. मी शिक्षक असल्याने विचारले. त्याने विद्यार्थी असल्याने वही पुढे केली. वही त्याची पत्नी लिहिते. डाव्या पानावर 'बिल केले', उजव्यावर 'हाती आले' आणि तळाशी 'गेले'. द्विनोंदी पद्धतीच्या कोणत्याही पुस्तकात अशी तिरपागडी मांडणी सापडणार नाही, पण या धंद्याचे मर्म तिच्यात नेमके आले आहे.

अशाच एका साधारण महिन्याचे पान त्याच्या संमतीने येथे देतो. वाहनांचे सोळा अहवाल, त्यांची फी २७,२०० रुपये. एका चोरीच्या दाव्याचे मूल्यमापन, ९,०००. प्रवासखर्च ४,३०० आणि छायाचित्रांचे १,१००. एकंदर बिल ४१,६०० रुपयांचे. सरकारी शाळेतल्या नव्या शिक्षकाच्याही तोंडाला पाणी सुटू नये इतके ते माफक आहे, तरी वाईट म्हणवत नाही. पण उजव्या पानावर त्याच महिन्यात जमा झाले फक्त २३,८००, आणि तेही तीन-चार महिन्यांपूर्वीच्या बिलांचे, दहा टक्के आयकर आधीच कापून घेतलेले.

मग 'गेले'. पेट्रोल ६,४००; स्कूटरची दुरुस्ती १,१५०; कार्यालय म्हणवणाऱ्या एका खोलीचे भाडे ६,५००; अर्धवेळ मदतनीस मुलाला ७,०००; दूरध्वनी व इंटरनेट १,१००; कागद, छपाई, टपाल १,२५०; वीज ७००; बाहेरचा चहा-जेवण ८६०. बेरीज २४,९६०. म्हणजे कागदावर १६,६४० रुपये शिल्लक, आणि प्रत्यक्षात घरातूनच १,१६० घातलेले! परवान्याचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण, संस्थेची वर्गणी, हिशेबनिसाची फी, व्यवसायकर यांचा या पानात समावेश नाही. ते ज्या महिन्यात येतात त्या महिन्यात वहीला तांबड्या शाईची रेघ असते.

"सर, उत्पन्न कमी आहे ही तक्रार नाही," तो म्हणाला. "ते केव्हा येईल हे सांगता येत नाही, हा खरा त्रास आहे. किराणावाला सर्व्हे रिपोर्टवर उधार देत नाही."

फीचे कोष्टक नुकसानीच्या रकमेच्या टप्प्यांनुसार असते. कष्ट मात्र टप्प्यांनुसार नसतात. दिलसुखनगर विजयवाड्याच्या महामार्गावरच असल्याने अपघातस्थळाच्या पाहणीची कामे त्याच्याकडे येतात. मध्यरात्री निरोप येतो, वाहन हलवण्यापूर्वी पोचावे लागते. चाकांच्या घसरणीच्या खुणा, काचेचा चुरा कोणत्या बाजूला पडला, मालमोटारीत माल किती, चालकाचा परवाना कोणत्या वाहनाचा. हे सारे विजेरीच्या उजेडात टिपायचे. तेलुगू पंचनामा वाचायचा, उर्दू-दखनी बोलणाऱ्या चालकाचा जबाब समजून घ्यायचा आणि अहवाल इंग्रजीत लिहायचा. या शहरात वाढल्याचा फायदा त्याला येथे मिळतो. मराठी तेवढी त्याच्या वहीपुरती उरली आहे. (गंमत अशी की 'विमा', 'दावा', 'नुकसान' हे तिन्ही शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले, 'भरपाई' तेवढी आपली. ती मिळायला वेळ का लागतो, याचा संबंध व्युत्पत्तीशी नसावा.)

लोकांचा राग सर्वाधिक येतो तो घसाऱ्यावर. साडेचार वर्षांच्या मोटारीची धडक झाली. दार बदलले त्याचे १०,०००, प्लास्टिकचा बंपर ८,०००, पुढची काच ६,०००. मालक चोवीस हजारांची वाट पाहत असतो. सर्वसाधारण पॉलिसीत चार ते पाच वर्षांच्या वाहनाच्या धातूच्या भागावर ३५ टक्के घसारा, प्लास्टिक-रबरावर वयाचा विचार न करता ५० टक्के, काचेवर काही नाही. म्हणजे ६,५००, ४,००० आणि ६,००० मिळून १६,५००. त्यातून लहान मोटारीसाठी मालकाने सोसायचे सक्तीचे हजार वजा. राहिले साडेपंधरा हजार, आणि त्यांतूनही जुन्या भागांची भंगाराची किंमत निघते. घसारामुक्तीचे जादा कलम घेतले असते तर चित्र निराळे असते; पण वाहन घेताना दोन-तीन हजार वाचवल्याचा आनंद मोठा असतो आणि पॉलिसीवरची बारीक अक्षरे वाचण्याची आपल्याकडे प्रथा नाही. एका गृहस्थांनी तर त्याच्या तोंडावर सांगितले, "तुला कंपनी कापण्याबद्दलच पैसे देते." तेवढ्यात त्याच कंपनीतून फोन आला होता की आकडा जास्त वाटतो, पुन्हा पाहा.

ऑक्टोबर २०२० मधील ती रात्र आपण कोणी विसरलेलो नाही. १३ तारखेच्या पावसाने शहराची दाणादाण उडवली, सरूरनगरचा तलाव तुडुंब भरला आणि त्याच्या खालच्या वसाहतींत पाणी शिरले. १९०८ च्या सप्टेंबरात मुसा नदीने घातलेल्या थैमानाच्या कथा आपण आजी-आजोबांकडून ऐकलेल्या. त्या वेळी बुडालेल्या घरांचे मोजमाप करायला कोण आले असणार? या वेळी सर्वेक्षक होते. करोनाचे दिवस, तोंडाला फडके बांधून माझा विद्यार्थी गुडघाभर चिखलातून दुकाने-गोदामे पाहत फिरत होता. पाऊण महिन्यात त्याला वर्षभराची निम्मी कामे मिळाली. "लोक रडत होते आणि माझी वही भरत होती," तो खाली पाहून म्हणाला. "घरी जेवताना घास उतरत नसे."

त्यांत एक दुकान वह्या-पुस्तकांचे होते. मीही तेथून शाळेसाठी खडू घेतलेले आहेत. तळमजल्यावरचा माल भिजून फुगला होता. कोऱ्या वह्यांचे गठ्ठे हात लावताच लगद्यासारखे सुटत. दुकानातला एकूण माल बारा लाखांचा, नुकसान पाच लाखांचे, आणि पॉलिसी सहा लाखांची. मालकाचा हिशेब सरळ होता : नुकसान पाच, विमा सहा, तेव्हा पाच मिळावेत. विम्याचा हिशेब निराळा असतो. बाराचा माल असून सहाचाच विमा उतरवला, म्हणजे निम्म्या मालाचा विमेदार तो स्वतःच ठरतो. म्हणून भरपाईही निम्मी, अडीच लाख. याला सरासरीचा नियम म्हणतात. पॉलिसी मालाच्या किमतीएवढी न घेता बँकेच्या कर्जाएवढी घेतली जाते, तेथेच हा घात होतो. पुढे एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांच्या नव्या प्रमाणित पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ झाली, परंतु निम्म्याची तूट त्यानेही झाकली जात नाही.

दुकानदाराने त्याला बाजूला घेतले. मालसाठा बाराऐवजी साडेसहा लाखांचा दाखव, म्हणजे माझे सारे सुरळीत होईल, तुझेही पाहीन. जुनी खरेदीची बिले तर भिजून गेलीच होती, कोणाला पत्ता लागला नसता. त्याच आठवड्यात मुलीच्या शिकवणीवर्गाचा हप्ता भरायचा होता, हेही त्याने मला लपवले नाही. त्याने घाऊक व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती मागवल्या, कराच्या विवरणपत्रांशी ताळा जमवला आणि आकडा लिहिला तो बाराचाच. मात्र त्याच चिकाटीने वरच्या फळ्यांवरच्या ओलसर मालाचेही नुकसान त्याने मोजून धरले, जे दुकानदाराच्या स्वतःच्या यादीत नव्हते, आणि कंपनीशी त्यावर पत्रे लिहून भांडला. पाच लाखांत ते धरलेले होते. दुकानदार अजून त्याच्याशी बोलत नाही. कंपनीच्या त्या कार्यालयाकडूनही पुढे वर्षभर त्याला फारशी कामे आली नाहीत. का, ते कोणी सांगितले नाही.

सर्वेक्षकाचा अहवाल अंतिम नसतो, हेही वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो महत्त्वाचा पुरावा असला तरी कंपनीवर वा विमेदारावर तो अखेरचा शब्द म्हणून लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. अहवालाची प्रत मागून घ्यावी, आकडे पटत नसतील तर लेखी हरकत घ्यावी, पुढे विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग आहेतच. आणि पाहणीपूर्वी साफसफाई करून टाकू नये. भिजलेला माल फेकून देणारे लोक आपला पुरावाच नालीत टाकतात, असे हा मुलगा कळवळून सांगतो.

गेल्या वर्षापासून एका खाजगी कंपनीचे त्याच्यामागे बोलावणे आहे. पगारी नोकरी, ठरलेली तारीख, वैद्यकीय विमा. दिवसभर संगणकासमोर बसून इतरांनी पाठवलेली छायाचित्रे तपासायची. पत्नीचे मत घ्यावे म्हणून. पन्नाशी जवळ येते आहे, महामार्गावरच्या रात्री आता झेपत नाहीत, हे तिचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. मी काय सल्ला देणार? एकतीस वर्षे पहिल्या तारखेला पगार घेतलेल्या माणसाने दुसऱ्याच्या अनिश्चिततेचे कौतुक करणे सोपे असते, म्हणून मी गप्प बसलो. त्याला अडखळवणारी गोष्ट एकच : छायाचित्रात वरच्या फळीवरची ओल दिसत नाही.

आमचे बोलणे चालू असतानाच फोन वाजला. चौटुप्पलजवळ मालमोटार उलटली होती, सिमेंटची पोती रस्त्यावर, वरून पाऊस. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. त्याने रेनकोट चढवला, टेप आणि विजेरी पिशवीत टाकली. "सूनबाई, त्याला थर्मासमध्ये चहा दे," मी म्हटले. तिने तो आधीच भरला होता, आणि वहीच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेही होते : पेट्रोल, ३००.