शॉकअप उलटे झाले, पण आत काय बदललं?

हल्ली बाइकच्या जाहिरातीत एक गोष्ट हमखास दिसते. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी, जाडजूड नळ्या आणि खाली मोठ्या अक्षरांत 'यूएसडी फोर्क'. यूएसडी म्हणजे अपसाइड डाउन, थोडक्यात उलटे शॉकअप. साध्या बाइकला चकचकीत बारीक पाइप वर असतो आणि जाड नळी खाली, चाकाजवळ. यूएसडीमध्ये जाड नळी वर जाते आणि बारीक पाइप खाली येतो.

बजाजची पल्सर एनएस२०० आली २०१२ मध्ये, साधा फोर्क घेऊन. २०२३ मध्ये तिला ३३ मिलिमीटरचा यूएसडी फोर्क मिळाला. डॉमिनार ४०० चं उदाहरण तर जास्त बोलकं आहे. २०१६ च्या शेवटी ती आली तेव्हा तिचा साधा फोर्क ४३ मिलिमीटरचा होता. २०१९ मध्ये तो यूएसडी झाला, तोही ४३ मिलिमीटरचाच. म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा वाचून बाइक खड्ड्यात कशी वागेल हे कळायला मार्ग नाही. ते ठरतं नळीच्या आत काय आहे त्यावर, आणि तेच कुठे लिहिलेलं नसतं.

हा फरक कुणाला पडतो? परभणी जिल्ह्यातल्या वालूरचं बघा. सेलू तालुक्यातलं हे गाव त्याच्या जुन्या बारवांमुळे, विशेषतः चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे, लोकांना माहीत आहे. हा सगळा काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराला आपल्याबरोबर खालीवर करते. त्यामुळे अशा जमिनीवर खड्डे बुजवले तरी रस्त्याला लाटा राहतात. त्यावर साठच्या वेगाने जाताना पुढचं चाक जमिनीला चिकटून राहणं ही चैनीची गोष्ट नाही. चाक हवेत असेल तर ब्रेकही लागत नाही आणि हँडलही वळत नाही.

गंमत म्हणजे वालूरमध्ये फिरणाऱ्या एखाद्या पल्सरचे शॉकअप मराठवाड्यातच, नावाने जवळ असलेल्या वाळूजमध्ये बनलेले असू शकतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आणि त्याच औद्योगिक वसाहतीत वाढलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी साधे आणि उलटे दोन्ही प्रकारचे फोर्क बनवते.

आता नळी उघडू. कोणत्याही शॉकअपमध्ये दोन कामं असतात. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का साठवून घेते. पण स्प्रिंग साठवलेलं सगळं परत करते. नुसत्या स्प्रिंगवर बाइक चालवली तर एका खड्ड्यानंतर ती पाळण्यासारखी झुलत राहील. ते झुलणं थांबवायचं काम तेलाचं. शॉकअप दबताना आणि उघडताना तेलाला अरुंद वाटेतून जावं लागतं, तिथे ऊर्जा उष्णतेत जाते आणि हालचाल शांत होते. याला डॅम्पिंग म्हणतात. ही अरुंद वाट कशी बनवली आहे, यावरच स्वस्त आणि महाग शॉकअपमधला खरा फरक आहे.

सगळ्यात साधी रचना डॅम्पिंग रॉडची. कम्युटर बाइकपासून बऱ्याच मध्यम बाइकपर्यंत हीच असते. नळीच्या तळाला एक पोकळ दांडा बोल्टने बसवलेला असतो. त्याच्या खालच्या बाजूला मोठी भोकं, वरच्या बाजूला एखाद-दुसरं बारीक भोक आणि डोक्यावर एक रिंग. शॉकअप दबला की तेल खालच्या भोकांतून जातं, उघडला की वरच्या बारीक भोकातून. झालं. बिघडण्यासारखं फारसं काही नाही आणि गावातला मेकॅनिकही तासाभरात खोलून बसवू शकतो.

अडचण भोकाच्या स्वभावात आहे. रंगपंचमीची पिचकारी हळू दाबली तर पाणी सहज निघतं, जोरात दाबली तर दांडा हातातच अडतो. भोकातून जाणाऱ्या तेलाचा वेग दुप्पट झाला की अडथळा साधारण चौपट होतो. आता हिशोब करा. ब्रेक दाबल्यावर शॉकअप समजा अर्ध्या सेकंदात पाच सेंटीमीटर दबला, तर त्याचा वेग सेकंदाला दहा सेंटीमीटर. पण ताशी साठच्या वेगात पाच सेंटीमीटर उंचीचा आणि पंधरा सेंटीमीटर चढाचा उंचवटा आला, तर चाकाला तेवढंच वर जायला सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ मिळतो. हा वेग पहिल्याच्या पन्नास पटींहून जास्त झाला, आणि कागदावर अडथळा अडीच हजार पट! प्रत्यक्षात टायर दबतो, बाइक उचलली जाते, त्यामुळे आकडा एवढा टोकाला जात नाही. पण मुद्दा तोच राहतो. भोक मोठं ठेवलं तर ब्रेक मारल्यावर बाइकचं तोंड खाली बुडतं. भोक लहान ठेवलं तर खड्ड्यात शॉकअप दगडासारखा होतो आणि धक्का मनगटात येतो. कंपनी मधला कुठलातरी आकार निवडते आणि दोन्हीकडे थोडी तडजोड करते.

यावरचा उपाय म्हणजे कार्ट्रिज. इथे फोर्कच्या नळीत आणखी एक बारीक नळकांडं असतं. त्यात दांड्याच्या टोकाला पिस्टन. पिस्टनला भोकं असतात, पण त्यांच्या तोंडावर पोलादाच्या पातळ वायसरची चळत बसवलेली असते. या वायसरना शिम म्हणतात. एकेकाची जाडी मिलिमीटरचा दहावा किंवा पंधरा शतांश भाग, म्हणजे ब्लेडच्या पात्यासारखी. तेलाचा दाब कमी असेल तर शिम जेमतेम वाकते आणि वाट अरुंद राहते, म्हणून ब्रेकमध्ये बाइक बुडत नाही. दाब अचानक वाढला की शिम जास्त वाकते, वाट आपोआप रुंद होते आणि खड्डा गिळला जातो. वेग वाढला तरी अडथळा चौपटीच्या हिशोबाने न वाढता बराचसा बेताने वाढतो. एखादी शिम बदलली, तिचा व्यास एक-दोन मिलिमीटरने कमी-जास्त केला तरी बाइकचा स्वभाव बदलतो. रेसिंगच्या टीम सस्पेन्शनवर एवढा वेळ घालवतात, त्यातला बराचसा या चळतीत जातो.

पुण्याजवळच्या चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक याच गटात येते. तिच्या ४३ मिलिमीटरच्या डब्ल्यूपी फोर्कमध्ये ओपन कार्ट्रिज आहे आणि दोन पायांमध्ये काम वाटून दिलेलं आहे. एक पाय दबतानाचं डॅम्पिंग सांभाळतो, दुसरा उघडतानाचं. २०२३ च्या मॉडेलपासून दोन्हीला पाच-पाच टप्प्यांत कमी-जास्त करायची सोय आहे. एकाच नळीत दोन्ही चळती कोंबण्यापेक्षा ही रचना स्वस्त पडते. यात एक पाय जड आणि दुसरा हलका वाटेल अशी भीती लोकांना असते, पण दोन्ही पाय वर चिमट्याने आणि खाली अॅक्सलने घट्ट बांधलेले असल्यामुळे चालवणाऱ्याला ते जाणवत नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे जपानच्या शोवा कंपनीचा बिग पिस्टन फोर्क. २००९ च्या कावासाकी झेडएक्स-६आर आणि सुझुकी जीएसएक्स-आर१००० वर तो आला. यात आतलं वेगळं नळकांडं काढूनच टाकलं आणि पिस्टन थेट फोर्कच्या आतल्या नळीत सरकू लागला. झेडएक्स-६आर मध्ये त्यामुळे पिस्टनचा व्यास २० वरून ३७ मिलिमीटर झाला. व्यास दुप्पटही नाही, पण क्षेत्रफळ जवळपास साडेतीन पट. तेवढाच विरोध निर्माण करायला आता तेलाचा दाब खूप कमी लागतो, म्हणून ब्रेकला हात लागताच शॉकअप झटक्याने न दबता सावकाश बसत जातो. २०१६ पासून झेडएक्स-१०आर वर असलेला शोवाचा बॅलन्स फ्री फोर्क तर तेलाचा रस्ता नळीबाहेरच्या छोट्या कप्प्यातून नेतो, म्हणजे पिस्टनच्या दोन्ही बाजूंचा दाब सांभाळला जातो आणि तेलात फेस होत नाही. सेलू-जिंतूर रस्त्यावर त्याची गरज नाही, हेही खरं.

मग उलटं करण्याने काय मिळतं? ब्रेक मारताना फोर्कला सर्वात जास्त वाकवणारा जोर वर, चिमट्याजवळ येतो. तिथे जाड नळी असली की फोर्क कमी वाकतो, हँडल नेमकं राहतं. हा फायदा खरा आहे, पण तो मजबुतीचा आहे, आरामाचा नाही. कमी किमतीच्या यूएसडी फोर्कमध्ये आत बऱ्याचदा तोच जुना भोकांचा दांडा असतो. उलट, चांगल्या साध्या फोर्कमध्ये कार्ट्रिज असू शकतं, जगभर अशा कितीतरी बाइक झाल्या.

उलट्या फोर्कची एक किंमतही आहे, आणि ती काळ्या मातीत लवकर मोजावी लागते. चकचकीत पाइप आता चाकाजवळ, चिखलाच्या तोंडावर असतो. चिखल पाइपवर वाळला आणि तशीच बाइक काढली की तो ऑइल सीलच्या ओठाला घासतो. सील साध्या फोर्कमध्येही जातं, पण तिथे तेल बरंचसं नळीतच राहतं. यूएसडीत सील खालच्या तोंडाला असल्यामुळे तेल सरळ खाली ओघळतं, आणि खाली डिस्क ब्रेक असतो. तेल लागलेल्या ब्रेक पॅडवर बाइक वेळेत थांबत नाही. म्हणून पाइपवर तेलाची ओली रेघ दिसली तर 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणणं धोक्याचं आहे. ऑइल सील स्वस्त असतं. पावसाळ्यात बाइक धुताना पाइप ओल्या मऊ फडक्याने पुसणं तर फुकटच.

जुन्या बाजारातून ड्यूकचा फोर्क आणून पल्सरला बसवायची टूम आहे. त्यात फक्त बेअरिंग आणि अॅक्सल जुळवून भागत नाही. फोर्कची लांबी बदलली की चाकाचा कोन बदलतो आणि बाइक वळणात अस्थिर होऊ शकते. शिवाय आतली स्प्रिंग आणि शिम दुसऱ्याच वजनासाठी बेतलेल्या असतात. त्याऐवजी आहे त्या फोर्कचं तेल बदललं तर अनेकदा जास्त फरक पडतो. स्प्रिंग आणि नळीच्या घासण्यातून आलेले धातूचे कण तेलात साठतात, तेल पातळ होतं आणि तीन-चार वर्षांत डॅम्पिंग इतकं हळू उतरतं की चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तेल भरताना दोन्ही पायांत कंपनीने सांगितल्याप्रमाणे मोजूनच भरायचं. वर उरलेली हवाही स्प्रिंगसारखी काम करते, तेल जास्त झालं तर तिला जागा कमी पडते आणि शॉकअप शेवटी दगड होतो, कधी सीलही उडतं.

शॉकअप किती काम करतो हे घरीच बघता येतं. चकचकीत पाइपला एक झिप टाय बेताचा घट्ट बांधून सीलला टेकवायचा, रोजच्या रस्त्यावर फिरून यायचं आणि तो किती सरकला ते मोजायचं. साध्या फोर्कला तो वर सरकतो, यूएसडीला खाली. मोठ्या खड्ड्यातही तो निम्म्यावरच थांबला तर स्प्रिंग किंवा डॅम्पिंग कडक आहे. दरवेळी टोकाला जाऊन आदळत असेल तर मऊ आहे किंवा तेल गेलंय. मोजून झालं की टाय कापून काढायचा.