भेटू ना बे... पण कधी?

‘भेटू ना बे कधीतरी!’ तुमच्याही ग्रुपवर हे वाक्य दर पंधरा दिवसांनी पडतं ना? आमच्याही पडायचं. चंद्रपूरच्या एकाच शाळेतले आम्ही सहा जण. मी आणि एक मैत्रीण पुण्यात, एक जण हैदराबादला, एक नागपुरात, एक ऊर्जानगरच्या वीज केंद्रात शिफ्टवर आणि एक भामरागडकडे मास्तर. ताडोबाला जायचं पक्कं होतं. सहा जण म्हणजे बरोब्बर एक जिप्सी. पण तारीख? दोनशे मेसेज, ढीगभर स्मायली आणि निकाल शून्य!

शेवटी मैत्रिणीने डूडलची लिंक टाकली. मिशाएल नेफ या स्विस तरुणाने २००३ मध्ये सुरू केलेली ही साइट. काम एकदम सोपं. पाच-सहा तारखा टाकायच्या, लिंक पाठवायची, ज्याने-त्याने जमेल तिथे टिक करायची. मत देणाऱ्याला खातं उघडायचीही गरज नाही. तेवढंही नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून पोल आहेच.

अर्ध्या तासात पाच जणांची मतं आली, तारीख निघाली. आम्ही खूश! मास्तरचं उत्तर नव्हतं. ‘तो तसाही येत नाही,’ कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

तीन दिवसांनी आलापल्लीहून त्याचा फोन. ‘अरे, इकडे आलो की रेंज येते, मेसेज दिसतात. तोवर तुमचं ठरूनच जाते. तीन वर्षं झाली, मी तुमचे फोटोच पाहून राहिलो.’

काय बोलणार? तो येत नव्हता असं नाही, आम्ही त्याला विचारतच नव्हतो. पोलमध्ये ‘नाही’ म्हणणारा आणि रेंज नसणारा, दोघंही सारखेच दिसतात.

बुकिंग केलेलं नव्हतं, हे नशीब. दुसरा पोल आम्ही उलटा केला. आधी मास्तरला फोन. त्याला जमणाऱ्या दिवाळीच्या सुट्टीतल्या तीनच तारखा टाकल्या. वीज केंद्रवाल्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी आणि नेमकं मंगळवारीच ताडोबा बंद! त्याने शिफ्ट बदलून घेतली. नोव्हेंबरातल्या एका पहाटे मोहर्लीच्या गेटवर आम्ही सहाही जण हजर.

तुम्हीही प्लॅन करताय? मग एवढं करा :

* ज्याला सुट्टी किंवा रेंज सगळ्यात कमी, त्याला आधी फोन करा. पोल नंतर.
* तारखा पाचच्या वर नकोत. फार पर्याय दिले की कुणीच ठरवत नाही.
* मत द्यायची शेवटची तारीख सांगा. ती उलटली की चर्चा बंद, थेट बुकिंग.
* जागेचं वेळापत्रक आधी बघा. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताही तुटतो.

वाघ? नाही दिसला. मास्तर म्हणाला, ‘पुढच्या वेळी पोल मी टाकतो.’ आलापल्लीला आला की टाकेल. आम्ही थांबू.